सर्व्हर मधेच बंद पडतो? पार्ट बदलायच्या आधी विजेचा रस्ता बघा

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना अडखळलेलं आणि दोन-दोनदा म्हटलेलं काढून टाकलंय, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.)

लोकलमध्ये लटकून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि आजचा डेटा संपला म्हणून नुसतं वाचणाऱ्यांनाही नमस्कार.

आधी एक साधा प्रश्न. रात्री तुम्ही फोन चार्जिंगला लावला आणि सकाळी बघता तर ७ टक्के. काय करता? लगेच नवा फोन घ्यायला जात नाही. आधी बटण चालू होतं का बघता. मग वायर हलवता. मग घरातल्या दुसऱ्या कुणाची वायर लावून बघता. मग चार्जर बदलता. मग सॉकेट बदलता. एवढं सगळं करूनही होत नसेल, तरच म्हणता की फोनमध्येच काहीतरी झोल आहे.

आता गंमत बघा. हेच डोकं आपण फोनसाठी बरोबर चालवतो, पण सर्व्हर बंद पडला की पहिलं वाक्य येतं, "रॅम गेली असेल." दुसरं येतं, "विंडोज परत टाकू." आणि तिसरं, "जुना झालाय, नवीनच घ्या." भिंतीतल्या सॉकेटकडे कुणी बघतच नाही.

आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय. सर्व्हर बंद पडला की वीज ज्या रस्त्याने येते त्या रस्त्याने चालत जायचं, बाहेरून आत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि मशीनने स्वतः काय लिहून ठेवलंय ते आधी वाचायचं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले दिवसभर क्लाऊड, क्लाऊड करतो. आमच्यासाठी सर्व्हर म्हणजे स्क्रीनवरचा एक हिरवा ठिपका. पण त्या ठिपक्याच्या मागे कुठेतरी एक लोखंडी डबा असतो, त्याला पंखे असतात, आणि त्याची वायर कुठल्यातरी सॉकेटमध्ये खोचलेली असते. तुमच्या गावातल्या पतसंस्थेत, शाळेच्या ऑफिसात, मेडिकलच्या होलसेलरकडे असा एक डबा नक्की असेल. तो बंद पडतो तेव्हा हा भाग आठवा.

विजेचा रस्ता

आपल्याकडे घरात येते ती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ५० लाटा, एक लाट २० मिलीसेकंदांची. हा २० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रस्ता असा. खांबावरून मीटर, मीटरवरून एमसीबी, तिथून भिंतीतली वायर, मग सॉकेट. सॉकेटमधून यूपीएस. यूपीएसमधून ती जाड काळी पॉवर केबल. केबल जाते सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये, ज्याला दुकानात सगळे एसएमपीएस म्हणतात. एसएमपीएस २३० व्होल्टची एसी घेतो आणि १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी देतो. बऱ्याच रॅकमधल्या सर्व्हरमध्ये तो फक्त १२ व्होल्टच देतो, बाकीचं मदरबोर्ड स्वतः तयार करतो.

आणि शेवटचा टप्पा भारी आहे. प्रोसेसरला लागतो साधारण १ व्होल्ट. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी एक सर्किट असतं, ते १२ चे १ करतं. आता गणित करा. प्रोसेसर १०० वॉट खात असेल आणि व्होल्टेज १ असेल, तर करंट झाला १०० अँपिअर! घरातला गीझर ९-१० अँपिअर घेतो. म्हणजे नखाएवढ्या जागेत दहा गीझरचा करंट. म्हणून तिथे जरासं व्होल्टेज डळमळलं तरी मशीन कोसळतं.

आता तो २० चा आकडा. वीज क्षणभर गेली तर एसएमपीएसच्या आतल्या कॅपॅसिटरमध्ये साठलेली वीज थोडा वेळ गाडी ओढते. किती वेळ? पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलीसेकंद. एक लाटसुद्धा पूर्ण नाही. दुकानात मिळतो तो साधा यूपीएस मेनवरून बॅटरीवर जायला साधारण ४ ते १० मिलीसेकंद घेतो. म्हणजे सगळं धड असेल तर काम भागतं. पण एसएमपीएस म्हातारा झाला, किंवा यूपीएसने थोडा जास्त वेळ घेतला, की सर्व्हर गेलाच. आणि तुमच्या डोक्यावरची ट्यूबलाईट मात्र जेमतेम लुकलुकते. म्हणून लोक शपथेवर सांगतात, "लाईट गेलीच नव्हती." खोटं बोलत नसतात ते. त्यांच्या डोळ्यांना ती गेलेली दिसलीच नाही.

आधी विचारा: नक्की कसा बंद पडला?

डॉक्टर विचारतात ना, ताप कधी येतो, सकाळी की रात्री? तसंच इथे. "बंद पडला" हा एक शब्द झाला, पण त्याच्या पोटात तीन वेगळे आजार असतात.

पहिला. बटण दाबलं तरी काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही. इथे बघायचं सॉकेट, केबल, यूपीएस, एसएमपीएस. बोर्डावरचा छोटा स्टँडबाय दिवा लागलेला असेल तर वीज बोर्डापर्यंत पोचतेय. दिवा नसेल तर ती वाटेतच कुठेतरी थांबलीय. एवढ्या एका दिव्याने निम्मा रस्ता तपासायचा वाचतो.

दुसरा. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. म्हणजे वीज आहे, पण मशीनची स्वतःची सुरुवातीची तपासणी अडकलीय. इथे रॅम, प्रोसेसर, एखादं कार्ड यांच्यावर संशय घ्यायचा. बीप वाजत असतील तर मोजा. बोर्डावर दोन आकडे दिसत असतील तर फोटो काढा. त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये त्यांचा अर्थ दिलेला असतो.

तिसरा, आणि सगळ्यात त्रासदायक. छान चालू असतो आणि मधेच बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. वायरमन आला की शहाण्या मुलासारखा चालतो, तो गेला की पुन्हा सुरू. इथे "काय झालं" यापेक्षा "कधी झालं" हे जास्त कामाचं. दुपारी उन्हात होतं? उष्णता बघा. काम वाढलं की होतं? एसएमपीएस किंवा थंड करण्याची व्यवस्था. दिवसाच्या ठराविक वेळी होतं? सर्व्हर सोडा, आजूबाजूला त्या वेळी काय चालू होतं ते बघा.

म्हणून पहिलं हत्यार स्क्रू-ड्रायव्हर नाही. पहिलं हत्यार म्हणजे वही. तारीख, वेळ, त्या वेळी काय चाललं होतं. आठवडाभर लिहा. वही नको असेल तर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज टाका, वेळ आपोआप पडते.

मशीनची स्वतःची डायरी

विंडोज सर्व्हर असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तिथे लोकांना दिसतो कर्नल-पॉवर नावाचा इव्हेंट, नंबर ४१, लाल रंगात, क्रिटिकल. तो बघून लोक म्हणतात, "पॉवरचा प्रॉब्लेम सापडला!" थांबा. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. का झालं ते तो सांगत नाही. घराचं दार उघडं सापडलं, एवढीच ती नोंद. चोर आला होता की वाऱ्याने उघडलं, ते तुम्ही शोधायचं.

पण त्याच इव्हेंटच्या तपशिलात बगचेक कोड नावाची ओळ असते. तिथे शून्याशिवाय दुसरा आकडा असेल, तर विंडोजला मरायच्या आधी काहीतरी लिहायला वेळ मिळाला होता. म्हणजे निळी स्क्रीन येऊन गेली. मग ड्रायव्हर, रॅम, डिस्क या दिशेने जा. तिथे शून्य असेल, तर एकतर वीज तोडल्यासारखी गेली, किंवा मशीन जागच्या जागी गोठलं आणि कुणीतरी बटण दाबून धरलं. ऑफिसात विचारा, बटण कुणी दाबलं होतं का. नसेल, तर विजेच्या रस्त्याला लागा.

लिनक्स असेल तर मागच्या बूटचा जर्नल वाचा. नीट शटडाऊनमध्ये सेवा एकेक करून बंद झाल्याच्या ओळी असतात. वीज गेली असेल तर शेवटची ओळ अगदी साधी असते, कुठल्यातरी रोजच्या कामाची, आणि पुढे काहीच नाही. वाक्य अर्धवट सोडून माणूस उठून गेल्यासारखं.

आणि खऱ्या सर्व्हरमध्ये एक तिसरी डायरी असते, जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. बोर्डावर एक छोटा वेगळा कॉम्प्युटर असतो, बीएमसी. डेल त्याला आयड्रॅक म्हणतं, एचपी आयलो म्हणतं. मुख्य मशीन बंद असलं तरी स्टँडबाय विजेवर तो जागा असतो. तापमान, पंख्यांचा वेग, व्होल्टेज, रॅममधल्या चुका, पॉवर सप्लायची वीज कधी गेली, हे सगळं तो टिपत असतो. ब्राऊझरमधून उघडतो. सर्व्हर घेतला त्या दिवशी याचा पासवर्ड लिहून ठेवा आणि त्यातलं घड्याळ बरोबर लावा. घड्याळ चुकीचं असेल तर डायरी असून नसल्यासारखी.

एका लॅबची गोष्ट

आता हे सगळं एका खऱ्या जागी कसं लागू पडतं ते सांगतो. माझ्या मावसभावाची सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब आहे. तिथे एक छोटा टॉवर सर्व्हर, त्यावर सगळ्या पेशंटचे रिपोर्ट. सकाळी रीस्टार्ट व्हायचा. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. दीड महिना हे चाललं होतं. सर्व्हर बघणाऱ्या माणसाने आधी रॅम बदलली, मग विंडोज परत टाकलं, आणि मग नव्या सर्व्हरचं कोटेशन दिलं.

पैशाचं सोडा. डेंग्यूचे दिवस होते. टेक्निशियनने आकडे भरले, सेव्ह व्हायच्या आत मशीन गेलं, आणि ते आकडे घाईत दुसऱ्यांदा टाईप करताना एका आजोबांच्या प्लेटलेटमधलं एक शून्य गळलं. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी फोन केला, म्हणून पकडलं गेलं. दादा मला फोनवर म्हणाला, "अरे, नवीन सर्व्हर घेतो मी, पैशाचं बघू. पण नवीन घेऊन तरी हे थांबणार का, एवढं सांग."

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "दादा, आधी रिसेप्शनवर ज्या ताई बसतात त्यांच्याशी बोलतो." कारण सर्व्हर त्यांच्या मागच्याच खोलीत होता, आणि दिवसभर तिथे कान त्यांचेच.

त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, हे साडेदहा-अकराच्या सुमारास होतं, जेव्हा सकाळच्या रिपोर्टचा गठ्ठा छापायला सुरुवात होते. दोन, व्हायच्या आधी मागच्या खोलीतून "टक" असा आवाज येतो. आणि तीन, "सर्व्हर गेला की प्रिंटरपण परत पहिल्यापासून गरगर करतो."

या तिसऱ्या वाक्यावर केस निम्मी सुटली. सर्व्हरच्या रॅममुळे प्रिंटर कशाला रीस्टार्ट होईल? दोघं एकाच वेळी पडत असतील, तर दोष दोघांच्या सामाईक रस्त्यावर. आणि ती "टक" म्हणजे यूपीएसच्या आतला रिले, मेनवरून बॅटरीवर उडी मारतानाचा. इव्हेंट ४१ बघितला, बगचेक शून्य. तेही जुळलं. सर्व्हरच्या बायॉसमध्ये "वीज परत आली की आपोआप चालू हो" असं सेटिंग होतं. म्हणजे तो रीस्टार्ट होतच नव्हता. त्याची वीज जात होती आणि येत होती.

गेल्यावर दिसलं ते असं. एका यूपीएसवर सर्व्हर, आणि त्याच यूपीएसवर लेझर प्रिंटर. आता लेझर प्रिंटरच्या आत टोनर कागदावर पक्का करायला एक हीटर असतो, तो २०० अंशांच्या आसपास तापतो. प्रिंटर नुसता बसलेला असतो तेव्हा काही नाही, पण छपाई सुरू झाली की तो हीटर काही क्षण कित्येक शे वॉट ओढतो. आणि यूपीएसवर १००० व्हीए लिहिलेलं असलं तरी ते वॉट नसतात. साध्या यूपीएसमध्ये १००० व्हीए म्हणजे साधारण ६०० वॉट. प्रिंटर बनवणारे म्हणूनच सांगतात, लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका.

पण मग दीड महिन्यापूर्वीपर्यंत कसं चालत होतं? हा प्रश्न विचारल्याशिवाय थांबायचं नाही. प्रिंटर दोन वर्षं तिथेच होता.

म्हणून एकेक करून तपासलं. आधी बॅकअप घेतला आणि सर्व्हर नीट बंद केला. यूपीएसवर सर्व्हरच्या जागी १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावला आणि यूपीएसची भिंतीतली पिन काढली. बल्ब लगेच गेला. बॅटरी नुसती नावाला होती. यूपीएसमधली सीलबंद बॅटरी साधारण ३ ते ५ वर्षं चालते, गरम खोलीत त्याहून कमी. ही पाचव्या वर्षात होती, आणि खोलीला खिडकी नाही.

मग ते सॉकेट. हात लावला तर कोमट. दादाच्या ओळखीचा वायरमन आला, त्याने मेन बंद करून बोर्ड उघडला. न्यूट्रलचा स्क्रू सैल, वायरचं टोक काळं, प्लास्टिक तपकिरी झालेलं. सैल जोडणी कमी करंटला तग धरते. जास्त करंट ओढला की तिथे उष्णता होते, ठिणगी पडते, क्षणभर संपर्क तुटतो.

आता साखळी जोडा. गठ्ठा छापायला घेतला, प्रिंटरच्या हीटरने करंट ओढला, सैल स्क्रूपाशी वीज तुटली, यूपीएस बॅटरीवर गेला, बॅटरी मेलेली, सर्व्हर खाली. यातली एक कडी जरी धड असती तरी काही झालं नसतं. म्हणूनच दोन वर्षं काही झालं नव्हतं. आणि म्हणूनच नवीन सर्व्हरसुद्धा त्याच खोलीत, त्याच सॉकेटवर, तसाच पडला असता. आपल्याकडे म्हणतात ना, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

त्या सर्व्हरवाल्याला मी नावं ठेवत नाही. त्याने आपल्या हद्दीतलं सगळं बघितलं होतं, फक्त त्याची हद्द सर्व्हरच्या डब्यापासून सुरू होत होती. काम काय निघालं? सॉकेट आणि वायरचं टोक बदललं, यूपीएसला नवी बॅटरी, आणि प्रिंटर वेगळ्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर थेट. आणि खरं सांगू का, रीस्टार्ट थांबले ही छोटी गोष्ट. ते काळं पडलेलं सॉकेट कधीतरी पेटलं असतं, ती मोठी गोष्ट.

रस्ता ठीक असेल तर मग आत

बाहेरचं सगळं तपासून झालं आणि तरीही तेच, तर आत या. इथे चार नेहमीचे संशयित.

पहिला एसएमपीएस. १२ व्होल्टच्या वायरवर ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. पाचच्या वायरवर ४.७५ ते ५.२५. मल्टिमीटरने मोजता येतं, पण मशीनवर काम चालू असताना मोजा. रिकामं बसलेलं असताना खराब एसएमपीएससुद्धा अगदी शहाणे आकडे दाखवतो. सगळ्यात सोपी परीक्षा मात्र फोनच्या चार्जरवालीच, म्हणजे धड असलेला दुसरा लावून बघणं. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर एका वेळी एक काढून बघा. आणि ते दोन्ही एकाच यूपीएसवर लावलेले असतील, तर दोन असून उपयोग काय? वेगवेगळ्या लाईनवर लावा.

दुसरा, कॅपॅसिटर. बोर्डावरचे ते छोटे उभे डबे. डोकं सपाट असायला हवं. फुगलेलं असेल किंवा तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल तर बोर्डाचे दिवस भरले. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कॅपॅसिटरची अख्खी साथ आली होती, जगभर मदरबोर्ड फुगून मेले. एकट्या डेलने त्यापोटी २००५ मध्ये ३० कोटी डॉलर खर्ची टाकले. आणि अंदाजाचा एक नियम लक्षात ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बिनखिडकीच्या खोलीची किंमत ही अशी भरावी लागते.

तिसरा, रॅम. सर्व्हरच्या रॅममध्ये ईसीसी असतं. एका बिटची चूक ती स्वतः सुधारते, दोन बिटांची चूक निदान पकडते. गुगलने टोरोंटो विद्यापीठाच्या साथीने २००९ मध्ये स्वतःच्या सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅम-पट्ट्यांवर निदान एक तरी चूक नोंदली गेली होती. म्हणजे एखादी सुधारलेली चूक दिसली म्हणून घाबरायचं नाही. पण त्याच स्लॉटची नोंद रोज येत असेल तर पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब. चूक स्लॉटपाशीच राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर. पैसे न घालवता उत्तर मिळतं.

चौथा, उष्णता. धूळ, थांबलेला पंखा, वाळलेली पेस्ट. प्रोसेसर आधी वेग कमी करतो, आणि तरीही तापला तर स्वतःला वाचवायला मशीन फटकन बंद करतो. वरवर अगदी वीज गेल्यासारखं. फरक बीएमसीच्या डायरीत दिसतो.

आणि काहीच कळेना झालं तर? किमान जोडणी. एक प्रोसेसर, एक रॅम-पट्टी, बाकी कार्ड, डिस्क सगळं काढा. चालू झालं? मग एकेक परत लावा. ज्याला लावल्यावर पडलं, तो चोर. एका वेळी एकच, हं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर कशामुळे झालं ते तुम्हाला कधीच कळत नाही. आणि ते महिन्याभराने पुन्हा बंद पडतं.

वीज येते तेव्हा

लोक वीज जाण्याला घाबरतात. खरं तर ती परत येते तेव्हा जास्त सांभाळायचं. २७ मे २०१७ ला ब्रिटिश एअरवेजचं डेटा सेंटर बसलं, साधारण ७५,००० प्रवासी अडकले. कंपनीच्या मालक समूहाच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं की वीज तुटली, आणि ती ज्या बेशिस्त पद्धतीने परत जोडली गेली त्यात खरं नुकसान झालं. आपल्या छोट्या ऑफिसातही तेच. लाईट आली की फ्रिज, एसी, मोटर सगळं एकदम सुरू होतं, व्होल्टेज वर-खाली होतं. म्हणून सर्व्हर लगेच चालू करू नका, दोन-चार मिनिटं थांबा. बायॉसमध्ये उशिरा चालू होण्याचं सेटिंग असेल तर लावा. आणि यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतः नीट शटडाऊन होईल. बऱ्याच ठिकाणी ही वायर यूपीएसच्या खोक्यातच पडून असते.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड एका डिस्कच्या मरण्यापासून वाचवतं. विजेच्या झटक्यात दोन्ही डिस्क गेल्या, किंवा चुकीचा डेटा दोन्हीवर सारखाच लिहिला गेला, तर रेड काही करू शकत नाही. तपासणीला हात घालायच्या आधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडतोय का ते बघा.

हात लावायच्या आधी

शेवटचं, आणि हे गंमतीत घेऊ नका. एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. २३० व्होल्टची लाट डीसी झाली की आत सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि केबल काढल्यावरही ते काही वेळ तसेच असतात. सॉकेट, एमसीबी, भिंतीतली वायर हे वायरमनचं काम, यूट्यूब बघून करायचं नाही. मशीनचा डबा उघडायचा असेल तर केबल काढा, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, उघड्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, मग रॅमला हात लावा. आणि अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून एकदा मोजून घ्या. तीन पिनांचं सॉकेट दिसतं म्हणून मागे तिसरी वायर असतेच असं नाही.

या आठवड्यात तुमच्यासाठी एक काम. घरी, ऑफिसात, बाबांच्या दुकानात, जिथे कुठे यूपीएस आहे तिथे बघा, त्यावर काय काय लावलंय, आणि बॅटरी कोणत्या वर्षीची आहे. यूपीएसवर मार्करने तारीख लिहा. सॉकेटजवळ हात नेऊन बघा. कोमट लागलं, तर वायरमनला आजच फोन करा, उद्या नाही.

काय सापडलं ते मला नक्की कळवा, फोटो असेल तर फारच छान. पुढच्या भागात डिस्क मरायच्या आधी काय काय सांगून जाते त्यावर बोलू. तोपर्यंत, वीज जाओ न जाओ, बॅकअप असू द्या. चला, भेटू!